नाकापाशी थोडी हवा

२ जानेवारी. देवास.
नव्या वर्षाचा संकल्प : भारतासाठी खेळायचं. खेळताना कुणाचीही गय करायची नाही. एक तरी बरगडी मोडायची (दुसऱ्याची).

उद्या धारला निघायचं. अंध खेळाडूंच्या राष्ट्रीय गोलबॉल संघाचं शिबिर आहे. आठ जण बोलावलेत, सहा घेणार. भाऊंना, म्हणजे वडिलांना, खेळ पुन्हा एकदा समजावला. तीन विरुद्ध तीन. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, घट्ट पट्ट्याचा. म्हणजे माझ्यासारखा थोडंफार दिसणारा आणि मुळीच न दिसणारा, दोघे सारखे. चेंडू सव्वा किलोचा, आत घुंगरू. समोरचा तो जमिनीलगत भिरकावतो, आपण आवाजावर आडवी झेप घेऊन अंगावर झेलायचा. भाऊ म्हणाले, अरे, कुकरची शिट्टी झाली तरी तू दचकतोस. मी म्हणालो, कान तिखट असल्याची ती खूण आहे. भाऊंनी पेपर उघडला. पटलं असावं.

५ जानेवारी. धार.
पहिला सराव. कुक्षीचा धवल समोर होता. जन्मापासून दिसत नाही त्याला, आणि चेंडू असा फेकतो की जणू जमिनीशी वैर आहे. पहिला चेंडू माझ्या पोटात. सकाळचे पोहे शेवेसकट वर आले. ते गिळले. दुसरा मांडीवर, तिसरा छातीवर. पण अडवले सगळे! आमचे प्रशिक्षक मानसिंगराव सर म्हणाले, वा शुभंकर.

धवल म्हणाला, भिया (इकडे भैयाला असंच म्हणतात), तू तो घुंगरू बजने से पहले कूद जाता है. याला दूरदृष्टी म्हणतात. जळतो बिचारा.

चष्म्याबद्दल : माझं नाक घराण्याचं आहे, उंच. त्यामुळे चष्मा नाकापाशी नीट बसत नाही, थोडी फट राहते. हवेसाठी ती बरी. मी तिथून बघत नाही. हनुवटी वर करून उभं राहणं ही माझी शैली आहे. सर प्रत्येकाचा चष्मा तपासतात, पण स्वतःची चाळिशी खोलीवर विसरून येतात.

८ जानेवारी.
आज मी फेकणार होतो. समोर रणवीर, देवासचाच, माझ्या गल्लीतला. मनात म्हणालो, गल्ली वेगळी, भारत वेगळा. जीव खाऊन फेकला. चेंडू उसळून त्याच्या तोंडावर. पुढचा दात गेला.

खेळ थांबला. सहाही खेळाडू जमिनीवर हातपाय टेकून दात चाचपत होते. सापडला धवलला. रणवीर रक्त थुंकून म्हणाला, शुभ्या, आज तुला फाडतो.

मी घाबरलो नाही. फक्त जेवायला गेलो नाही.

९ जानेवारी. सकाळ.
रणवीर मला शोधतो आहे. आवाज न करता चालायचं ठरवलंय. पण तो म्हणे हॉलभर सांगत फिरतो, शुभ्याचा वास येतो. मी मार बसण्याआधीच अंगभर बाम लावतो, ही माझी पद्धत आहे. आधीच चोळला की सूज कमी येते. आता लावावा की नाही? लावला. तब्येत आधी.

९ जानेवारी. संध्याकाळ.
सरांची कंबर धरली होती. त्यांनी माझा बाम मागितला, मी दिला. मोठ्यांना नाही म्हणू नये. नंतर सर व्हरांड्यातून जात होते. रणवीरने मागून कॉलर धरली, एकदा हुंगलं, आणि ठोसा हाणला. मग दुसरा. सर ओरडले, अरे मी, मी! रणवीर म्हणाला, आवाज बदलून वाचशील काय रे? आणि तिसरा हाणला.

रणवीरला घरी पाठवलं. मला वाईट वाटलं. पण आता सातच उरलो, आणि घ्यायचे सहा. म्हणजे एकच जण जाणार. माझं नाव जवळजवळ पक्कं. भाऊंना फोन करून सांगितलं, निवड झाली असं समजा. ते म्हणाले, समजा की झाली? मी म्हणालो, रेंज नाही.

१२ जानेवारी. रविवार.
सगळ्यांना मांडूला नेलं. थोडंफार दिसणारा मी एकटाच, म्हणून वर्णन करण्याची जबाबदारी मी घेतली. म्हणालो, समोर विशाल तलाव आहे, पाणी चमकतंय. धवल म्हणाला, भिया, म्हशी बसल्यात, वास नाही येत? जवळ गेलो. म्हशी होत्या. धवलला ढकलावंसं वाटलं, पण शेजारीच दरी होती. संयम राखला.

१४ जानेवारी. संक्रांत.
सकाळी तिळगूळ वाटला, सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं. दुपारच्या सरावात धवलचा चेंडू कानशिलावर. तासभर कानात घुंगरू वाजत होते, चेंडू नसतानाही. त्याच्या गुडघ्यावर मी चुकून पाय दिला. चुकून दोनदा.

१६ जानेवारी.
वाईट बातमी. परवा निवडीचा सामना, आणि सर म्हणाले, बाहेरदेशी खेळतात तसंच खेळायचं. म्हणजे चष्म्याच्या आत दोन्ही डोळ्यांवर कापसाची पट्टी, वरून चिकटपट्टी.

मी आरोग्याच्या दृष्टीने विरोध केला. माझी त्वचा नाजूक आहे, भुवया उपटल्या जातील. शिवाय हवा. सर म्हणाले, हवा नाकाने घे, डोळ्यांनी कशाला? सगळे हसले. फिजिओ वैभवी मॅडमसुद्धा. त्या माझे काळेनिळे डाग फार हळुवार दाबतात, म्हणून मी त्यांना वेगळं समजत होतो.

काळजी नाही. कान तिखट आहेत.

१७ जानेवारी.
रात्रीपासून पोट बिघडलंय. भीतीने नाही, कचोरीने.

१८ जानेवारी. सामना.
वैभवी मॅडमनी पट्ट्या लावल्या. चष्मा चढवला. पंच म्हणाले, क्वाएट प्लीज. हॉल गप्प.

इतका अंधार असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

धवलचा पहिला चेंडू. घुंगरू सगळीकडून आले. मी डावीकडे झेप घेतली, कपाळ गोलपोस्टवर. गोल. दुसऱ्याला थांबून नीट ऐकायचं ठरवलं. ऐकत असतानाच तो तोंडावर आला. ओठ फुटला. अडवला मात्र!

मग चेंडू माझ्या हातात. मैदानाच्या रेषांखाली सुतळी असते. ती बोटांनी चाचपून दिशा ठरवायची, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मला कधी गरज पडली नव्हती. दोन गिरक्या घेतल्या, सगळा राग एकवटला आणि फेकला. आयुष्यातली सर्वोत्तम फेक. गोल! मी दोन्ही हात वर केले. गोल झाल्यावर टाळ्यांना परवानगी असते. टाळ्या वाजल्या, पण समोरच्या बाकावरून. माझ्याच गोलात गेला होता.

नाकातून रक्त येत होतं. पुसायला चष्मा थोडा सरकवला. शिट्टी. चष्म्याला हात लावला की पेनल्टी : पूर्ण नऊ मीटरचा गोल, आणि मी एकटा. फेकणार धवल. पलीकडून म्हणाला, भिया, अब आया तू हमारे बराबर. टोमणा वाटला नाही, आणि तेच जास्त लागलं.

फेकला. या वेळी ऐकू आला. खरंच, एकाच जागेवरून. मी उजवीकडे पडलो आणि तो सरळ बरगडीत बसला. कडकन आवाज झाला. चेंडू माझ्या अंगावर चढला, पलीकडे उतरला आणि सावकाश, घुंगरू वाजवत, गोलात गेला.

२० जानेवारी.
धवलचं नाव पहिलं. सहावं रणवीरचं. त्याला परत बोलावलं. सर म्हणाले, गाल अजून दुखतो, पण असा हात भारताला हवा.

माझ्याबाबत सर म्हणाले, संघ दिल्लीला जाईपर्यंत सरावाला समोर कुणीतरी पडायला लागेल. थांबतोस का? विचार करतो म्हणालो. विचार केला. थांबतो म्हणालो. भाऊंना फोनवर सांगितलं, राष्ट्रीय संघाबरोबर आहे. त्यांनी विचारलं, खेळतोस ना? मी म्हणालो, रेंज नाही. ते म्हणाले, बरं, जेवत जा वेळेवर.

२४ जानेवारी.
बरगडीला पट्टा. वैभवी मॅडम म्हणाल्या, डोळ्यांवरच्या पट्ट्या तुला आता लागत नाहीत. मीच मागून लावून घेतल्या. रणवीर फेकायला उभा राहिला. घुंगरू स्पष्ट ऐकू आले, डावीकडून, अगदी शंभर टक्के. पूर्ण ताकदीने डावीकडे झेप घेतली.

उजवीकडून गेला.