खोक्यावरचा आकडा आणि बाहुलीतला हात

शिनबेई, ९ मार्च

ति. बाबांस,
पेइशानचा सा. न. फोन केला की तुम्ही दोन वाक्यांत तो आईकडे देता, म्हणून पत्र.

बाबा, एका प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. न घडलेली हालचाल डोळ्यांना दाखवली, तर ती फसवणूक होते का?

आमचं नवं ग्राफिक्स कार्ड खेळाची पंचेचाळीस चित्रं सेकंदाला खरी काढतं. मग दर दोन चित्रांमध्ये तीन अंदाजाने घुसवतं. झाली एकशे ऐंशी! मेमरी महागली, सगळी त्या एआयवाल्यांकडे जाते. म्हणून कार्ड जवळजवळ जुनंच, आकडा तेवढा नवा. आमचे वरिष्ठ को साहेब म्हणतात, खोक्यावर एकशे ऐंशीच छापायचं, सगळे तेच करतात. चाचणीचा अहवाल माझ्या सहीने जाणार, आणि मला कायम करायचं की नाही हेही याच महिन्यात तेच ठरवणार.

त्यात, यंत्र शहाण्यासारखं चालावं म्हणून सगळे ठेवतात ते मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट मी यंत्रावर ठेवलं, पण पिवळं. दुकानात हिरवं नव्हतं. यंत्र दोनदा बंद पडलं आणि सगळी प्रयोगशाळा माझ्याकडे बघायला लागली.

आईच्या गुडघ्याचं कळवा. लोभ आहेच, तो वाढू द्या.
तुमची पेइशान

हूवेई, १६ मार्च

चि. पेइशान हिस आशीर्वाद.

घरातली पहिली पदवीधर, आणि हिरवा-पिवळा कळत नाही! पिवळा म्हणजे बिघाडाचा दिवा, हे इथला इस्त्रीवालाही सांगेल. आईने शेंगदाण्यांबरोबर हिरवी पाकिटं पाठवली आहेत. मुदत बघून ठेव, आणि खाऊ नकोस.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील, तर बाहुल्यांच्या खेळात माझी बाहुली पायऱ्या न चढता गच्चीवर पोचते. मधलं लोक मनाने भरतात. डोळ्यांना असं फसवायलाच देवळातली मंडळी मला मानाने बोलावतात. त्यात पाप नाही.

पण बाहुलीच्या आत माझा हात असतो. मी बोट हलवलं आणि ती क्षणभराने हलली, तर ती माझी राहिली नाही. तुझं कार्ड घेणारा नुसता बघतो, की त्याचा हात आत असतो? ते मोज.

गुडघा बरा आहे, बोलणं त्याहून बरं आहे. तब्येतीला जप.
तुझा बाबा

शिनबेई, २४ मार्च

ति. बाबांस, सा. न.

मोजलं. बटण दाबल्यापासून तलवार हलेपर्यंतचा वेळ. चित्रं चौपट झाली, पण उशीर कमी झाला नाही. उलट किंचित वाढला.

को साहेबांना सांगून पटेना, म्हणून त्यांनाच खेळायला बसवलं. पहिल्याच राक्षसाने त्यांना तीनदा मारलं. चष्मा काढून म्हणाले, “दिसतंय लोण्यासारखं, पण माझ्याऐवजी दुसरंच कुणीतरी खेळतंय.” मी म्हटलं, माझे बाबाही हेच म्हणतात. ते कुठल्या कंपनीत, असं त्यांनी विचारलं. देवळासमोरच्या अंगणात, असं सांगितलं. ते हसले, पण अहवालात काय लिहायचं ते बोलले नाहीत. कायम होण्याचं सोमवारी कळेल.

शेंगदाणे दोन दिवसांत संपले. एक हिरवं पाकीट चाचणीच्या यंत्रावर आहे, दुसरं को साहेबांच्या संगणकावर ठेवलंय.

लोभ असाच राहो, आणि सोमवारी फोन आईकडे देऊ नका. खरी पंचेचाळीस, अंदाजाची एकशे पस्तीस आणि हाताला लागणारा उशीर, असे तिन्ही आकडे लिहून, खाली पूर्ण नावाने सही करून, मी आज सकाळीच अहवाल पाठवला.

तुमची पेइशान