छातीत जळजळ : नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुरुस्ती. काल लिहिलं की दवाखान्याचा अर्ज खरा आणि पूर्ण भरला. पूर्ण भरला. खरा नाही.

प्रश्न चौदावा : जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर छातीत जळजळ होते का? मी 'नाही'वर खूण केली. होते. रोज. दोन उशा रचल्याशिवाय झोपता येत नाही. आमच्याकडे आईही उशा रचूनच झोपते, म्हणून ती घरची रीत आहे असं मी स्वतःला समजावलं.

खरं कारण वेगळं. घरात शाळेत गेलेली मी पहिली. नऊ वर्षांची असल्यापासून घरातला प्रत्येक कागद मी भरते, आणि वडील मागे उभे राहून म्हणतात, "पास होईल असं लिही." कालही उभे होते. आणि मी मुलांना गणित शिकवते, कॉपी पकडते!

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे तीन प्रकार समजावले. बँड : जठराला वरून पट्टा, हल्ली फारसा कोणी घालत नाही. स्लीव्ह : जठराचा बराचसा भाग कापून टाकायचा, उरते केळ्याएवढी नळी. बायपास : वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो आतड्याला खाली जोडायचा, आणि गोळ्या जन्मभर.

अर्ज चाळून म्हणाले, "जळजळ नाही ना? मग स्लीव्ह बरी. असती तर वाढली असती."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं का? — हो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आई शिवणकाम करते. वाचता येत नाही, पण माहितीपत्रकातली चित्रं पाहून तिने अस्तराच्या कापडाचं जठरच बेतलं. स्लीव्ह कापली, नळी शिवली, उरलेला तुकडा माझ्यासमोर धरला.

"हा परत देतात?"

"नाही."

"शिवणीत माया तरी सोडतात? उद्या उसवायचं झालं तर?"

"नाही गं."

"मग हा कसला शिंपी?"

बँडला नाडी म्हणून बाजूला टाकलं. बायपास तीनदा उसवून शिवला. "किचकट आहे. पण कापड घरातच राहतं."

८ नोव्हेंबर, शनिवार

वडील ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला. दवाखान्याच्या काट्यावर त्यांचा भरवसा नाही, म्हणून आज मला त्यांच्या काट्यावर उभं केलं. १२०. जेवून आले, १२०. वह्यांची पिशवी घेऊन, १२०.

"बघ, काही वाढत नाही तुझं," वडील खूश.

तो काटा वीस-वीस किलोंनीच पुढे सरकतो. (खरं वजन ११८.४. नोंद असावी.)

१० नोव्हेंबर, सोमवार

माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. आज दुसऱ्यावरच पायरीवर बसले. वरून एक मुलगी डोकावली, "बाई, आम्हीच खाली येतो." सगळे खरंच आले. जिन्यात अपूर्णांक शिकवले.

शस्त्रक्रिया हवीच. पण खरं सांगितलं तर डॉक्टर यादीतून नाव काढतील. नाही सांगितलं तर आत कायमची आग, आणि कापलेला तुकडा परत मिळत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. म्हणजे लेखी दिलं. दोन पानं, समास सोडून.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "बाई, ही परीक्षा नाही. इथे ज्याच्या तक्रारी सगळ्यांत जास्त, त्याला आधी आत घेतात."

उद्या दुर्बिणीने तपासणी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अन्ननलिका लालबुंद. "हे आजकालचं नाही. बायपासच करू."

माझं पत्र डॉक्टरांनी फाइलला लावलं. दुसऱ्या पानावर खाडाखोड आहे, त्याची रुखरुख लागली आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी सगळं सांगितलं. चौदाव्या प्रश्नासकट. वडील म्हणाले, "पण मी तुझ्या भल्यासाठीच..." आणि थांबले. चूक तुमची नाही, असं मी म्हटलं. पेन माझ्याच हातात होतं.

आईने मशीन थांबवलं. "दोन उशा लागणं हा आजार असतो?"

"हो."

"मला तीन लागतात," ती म्हणाली, आणि पुन्हा पायडल मारायला लागली.

आईचेही सगळे अर्ज मीच भरले. प्रत्येकावर 'तक्रार : काही नाही'. माझ्याच सुवाच्य अक्षरात.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईने कोरा अर्ज माझ्यापुढे ठेवला. काल एकटी जाऊन दवाखान्याच्या खिडकीवरून मागून आणला म्हणे. वडील मागे येऊन उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं.

चौदाव्या प्रश्नाशी मी थांबले. "होयवर कर," आई म्हणाली. "ठसठशीत कर."

गुरुवार, २७ नोव्हेंबर, सकाळी आठ : माझी बायपास. खिडकी सातला उघडते. माझं नाव पुकारण्याआधी तिचा अर्ज द्यायचा.