दसऱ्याला घेतलेला ट्रक

आई, तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. आज मी एक भलाथोरला पिकअप ट्रक चालवते, त्याच्यामागे ट्रेलर जोडते आणि तो उलटा मागे घेत दोन मेपलच्या झाडांच्या मधोमध नेऊन उभा करते, तेही एका दमात. ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक खोली समज. आत पलंग, गॅसची शेगडी, चिंचोळी बाथरूम आणि एक टेबल. त्या टेबलाशी बसूनच हे लिहिते आहे. बाहेर तळं आहे, पानं गळायला लागली आहेत, आणि मिशिगनमधला कॅम्पिंगचा सीझन संपत आल्यामुळे आसपास कुणी नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता पत्र लिहिणं म्हणजे वेडेपणाच. पण ट्रक, सामान आणि नवं घर हा विषय आपल्या दोघींचा होता. तो दुसऱ्या कुणाला पहिल्यापासून समजावून सांगायचं माझ्या जिवावर येतं.

बाबांची पाटबंधारे खात्यातली नोकरी, दर दोन-तीन वर्षांनी बदली. बाबा आणि दादा एसटीने पुढे जायचे आणि तू हट्टाने ट्रकमध्ये बसायचीस, ड्रायव्हरच्या शेजारी, मला मांडीवर घेऊन. "सामान एकटं सोडायचं नसतं," म्हणायचीस, जसं काही ते रडेल. ट्रक भरताना तू कुणाचं म्हणून ऐकायची नाहीस. कपाटं आधी, गाद्या कडेने, आणि सगळ्यात शेवटी पत्र्याचं ते खोकं. त्यात स्टोव्ह, काड्यापेटी, दुधाचं पातेलं, चहा-साखर आणि देवांचा डबा. शेवटी चढलेलं पहिलं उतरतं. नव्या क्वार्टरमध्ये शिरलं की केर काढायच्याही आधी तू स्टोव्ह पेटवून दूध ठेवायचीस. ते उतू जाऊन चर्र आवाज झाला की म्हणायचीस, "झालं, लागलं घर." मग कुठे आम्हाला पाय पसरायची परवानगी. एकदा धरणाच्या कॉलनीतून निघताना मी केबिनच्या खिडकीतून मान बाहेर काढून आपलं रिकामं घर बघत होते. तू माझी हनुवटी धरून तोंड पुढे फिरवलंस. "मागे काय बघतेस? तिथे आता आपलं काही नाही." केवढ्याने ओरडलीस. पुढच्या वळणावर तू स्वतःच पदराने डोळे पुसलेस आणि ड्रायव्हरला म्हणालीस, धूळ फार आहे या रस्त्याला.

तुझा जावई तू पाहिला नाहीस. ब्रेकचा इंजिनिअर होता, इथे नोव्हाय गावाजवळच्या एका कंपनीत. मिस्कील माणूस, देवधर्माच्या नावाने शंख. माझ्या चतुर्थीला हटकून विचारायचा, "आज चंद्र ऑन टाइम आहे का?" आम्ही या देशात आलो, राहिलो, घर घेतलं, मुलगा इथेच वाढला, पण देश काही पाहिला नाही. सगळी रजा भारताला. वर्षभर एकेक दिवस साठवायचा आणि तिकडे नेऊन खर्च करायचा. त्याच्या आईवडिलांकडे, बाबांकडे, कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, मग एकेकाचे दहावे-तेरावे. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांचंच असं. पश्चिमेकडचे बर्फाचे डोंगर आम्ही कॅलेंडरवर पाहिले. मग तिकडची माणसं संपली, रजा आमची झाली, आणि त्याच वर्षी त्याच्या हातातून चहाचा कप निसटायला लागला. स्नायू एकेक करून निकामी होत जातात असा आजार. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही, जे करायचं ते आत्ता करा म्हणाल्या. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "चल यार, डोंगर बघून येऊ." विमान-मोटेल मात्र नको. मोटेलच्या बाथटबची त्याला भीती वाटायची, आणि रेस्टॉरंटमध्ये घास ओठांवरून ओघळायचा त्याची लाज. आपला पलंग, आपली बाथरूम, आपली मऊ खिचडी असं सगळं आपणच ओढून न्यायचं, म्हणून ट्रेलर. मला दुसरं काही नको होतं, आई. त्याला एकदा तिथवर न्यायचं होतं.

यानंतर जे झालं त्याला हसावं की रडावं मला अजून ठरवता येत नाही. ट्रेलर ठरला नव्हता, एकही पाहिला नव्हता, आणि हा एक दिवस म्हणाला, "ट्रक दसऱ्याला घेऊ या." वाहन घरात यायचं ते दसऱ्यालाच, हे त्याच्या वडिलांचं वेड, त्यावर त्याने आयुष्यभर कोट्या केलेल्या. तो आतून किती घाबरलाय हे मला त्या क्षणी कळलं, डॉक्टरांकडेसुद्धा कळलं नव्हतं. कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? दसऱ्याच्या दिवशी निळा ट्रक दारात आला. अंगणातल्या झेंडूचा, थंडीने अर्धा काळवंडलेला हार मी त्याला घातला, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ त्याला स्वतः फोडायचा होता. त्याने हात उचलला, पण आपटण्याइतका जोरच नव्हता, नारळ घरंगळत रस्त्यापर्यंत गेला. मी तो उचलून आणला, त्याच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून फोडला. समोरच्या घरातली बाई हात हलवून "काँग्रॅच्युलेशन्स!" म्हणाली.

मग आम्ही ट्रेलर बघायला निघालो. विकणारा पांढऱ्या मिशांचा गोरा म्हातारा होता. त्याने आधी आमचा ट्रक बघितला, ट्रक किती वजन पेलतो ते सांगणारं दारावरचं स्टिकर वाचलं आणि मान हलवली. "यू डिड इट बॅकवर्ड्स, माय फ्रेंड." आधी ट्रेलर निवडायचा आणि तो ओढू शकेल असा ट्रक मग घ्यायचा, हे तिथे पोरासोरांनाही माहीत. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, आम्ही घोडं दारात बांधून वरात शोधत फिरत होतो. आम्हाला हवा तसा एक होता तिथे. रुंद दार, जमिनीलगतची एकच पायरी, बाथरूममध्ये मी त्याला धरून उभी राहू शकेन एवढी जागा. तो हळूहळू आत गेला, बाथरूमच्या दांडीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, हे तर आपल्या घरापेक्षा बरं आहे." पण तो ट्रेलर जड होता. म्हातारा म्हणाला, रिकाम्याचं वजन बघाल तर ट्रक कसाबसा पुरेल. नवरा हसला. "रिकामा? तुम्ही माझ्या बायकोला सामान भरताना पाहिलं नाहीत."

घरी येऊन त्याने मला स्वयंपाकघराचं वजन करायला लावलं. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मी उभी, हातात कुकर, मग कणकेचा डबा, मग तांदूळ, मग मिसळणाचा डबा. तो खुर्चीत बसून आकडे तोंडीच मिळवत होता. "पोळपाट कशाला? डोंगरावर पोळ्या लाटणार तू?" मी म्हटलं, लाटणार. तू दिलेला फिरकीचा तांब्या काट्यावर ठेवला तेव्हा तर तो पोट धरून हसला. मी होस्टेलला निघाले तेव्हा तू तो माझ्या ट्रंकेत कोंबला होतास ना, झाकण पिळून घट्ट करत, "कुठेही जा, पाणी आपलं असू दे" म्हणत. तो म्हणाला, "हा तांब्या एकटाच ट्रकचे ब्रेक फेल करेल." त्याचं असं मोकळं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही. बेरीज संपल्यावर तो म्हणाला, "ओढेल गं तो, ओढण्याचा प्रश्न नाहीये. डोंगरउतारावर थांबणार नाही." आयुष्यभर ब्रेक बनवलेल्या माणसाचा तो हिशोब होता. मी म्हटलं, मग ट्रक बदलू. तर म्हणाला, "दसऱ्याला आणलेलं वाहन वर्षाच्या आत दाराबाहेर काढायचं नसतं." मी चिडले. म्हटलं, कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तू कधीपासून हे मानायला लागलास? तो खिडकीतून ट्रककडे बघत होता. "आत्ता पहिल्यांदाच काहीतरी मानतोय, तेवढं मानू दे ना." मग आम्ही लहान ट्रेलर घेतला, अरुंद दाराचा, दोन उंच पायऱ्यांचा. बाथरूमचं काय, मी विचारलं. म्हणाला, "स्प्रिंगपर्यंत मी अजून बारीक होईन, आरामात मावेन."

बारीक तर तो झालाच. हिवाळाभर मुलगा त्याच्या नोकरीच्या गावाहून, दूर सनीव्हेलहून, फोन करत राहिला, "डॅड, जस्ट फ्लाय ना. आय विल टेक केअर ऑफ एव्हरीथिंग. आई, प्लीज टेल हिम." त्याचंही खरंच होतं. बर्फ वितळल्यावर ट्रेलर आला तेव्हा ट्रक चालवणं मलाच भाग होतं. मंदिराच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये त्याने मला शिकवलं. तो शेजारच्या सीटवर, दोन्ही हात मांडीत पडलेले, बोलणं जड झालेलं. "हात स्टिअरिंगच्या खाली धर. वर नको. आता ट्रेलरची शेपूट जिकडे न्यायची, तिकडे हात ने." मी उलटसुलट करायचे, ट्रेलर वाकडा व्हायचा, मी रडकुंडीला यायचे. तो म्हणायचा, "पुन्हा पुढे घे. सरळ कर. पुन्हा." एकदाही आवाज चढवला नाही. आई, मागे ट्रेलर असला की मधल्या आरशात फक्त त्याची पांढरी भिंत दिसते. त्या भिंतीकडे बघताना मला माझ्या हनुवटीवरचा तुझा हात आठवायचा.

डोंगरांवर जाण्याआधी एक रंगीत तालीम म्हणून आम्ही या तळ्यावर आलो, घरापासून तासाभरावर. मी ट्रक अगदी तू भरायचीस तसा भरला होता, शेवटचं खोकंसुद्धा. ट्रेलर उभा केला, तो म्हणाला, "परफेक्ट." मग मी त्याला उतरवून दाराशी आणलं. पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला. दुसरा उचलेना. मी मागून रेटलं, पुढून ओढलं, बाजूच्या तंबूतला एक माणूस मदतीला धावला, पण त्या अरुंद दारात एका वेळी दोघं मावत नव्हती. त्याचे गुडघे लटपटायला लागले तसा तो हळूच म्हणाला, "राहू दे आता." आम्ही त्याला परत ट्रकमध्ये बसवलं. त्या माणसाने आमच्याकडे न बघता "सॉरी" म्हटलं आणि निघून गेला. मी एकटी आत गेले. आत जाऊन काय करायचं हेही मला सुचेना. मग तुझ्यासारखी शेगडी पेटवली आणि दूध ठेवलं. नंतर खिचडी केली आणि ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसून एकेक घास भरवला, तांब्यातलं पाणी चमच्याने दिलं. तो तळ्याकडे बघत होता. म्हणाला, "तू मस्त चालवतेस पण." संध्याकाळच्या आत आम्ही घरी परतलो. आमची सगळी सफर एवढीच. पुढचा दसरा त्याने पाहिला नाही.

मी सारखी हाच हिशोब करत बसते. दसरा आठ-पंधरा दिवस उशिरा असता तर? तो रुंद दाराचा ट्रेलर आधी दिसला असता तर? पण मग तूही आठवतेस. बाबांनी प्लॉट घेऊन ठेवला होता, रिटायर झाल्यावर बांधायचं म्हणून. तू नेहमी म्हणायचीस, एक घर असं हवं जिथून ट्रक निघणार नाही. आणि तू गेलीस ती कुठल्याशा क्वार्टरमध्ये, अर्धी खोकी न उघडलेली. तेव्हा मला वाटलं होतं, मी असं काही पुढे ढकलणार नाही. तरी ढकललंच की. त्याचं काही वाटत नाही असं लोकांना सांगते, पण वाटतं गं. सगळं वाटतं. सकाळी उठावंसंच वाटत नाही कित्येकदा.

मुलगा म्हणतो, सेल इट, आई. ट्रक आणि ट्रेलर दोन्ही. या वर्षी पेट्रोल इतकं महागलं की असे ट्रक कुणी फुकटसुद्धा नेत नाही, कंपन्यांतून माणसं घरी बसताहेत, त्यामुळे गिऱ्हाईक मिळत नाही म्हटलं की त्याला पटतं. आमच्या वसाहतीत ट्रेलर दारात ठेवू देत नाहीत, तो दूर एका आवारात उभा असतो. रविवारी मी जाते, ट्रकला जोडते आणि इथे येते. याच जागेवर उभा करते. कुणी "परफेक्ट" म्हणत नाही. डोंगर तर या रस्त्याने पुढे गेलं की लागतीलच, मला चालवता येतं, कुणी अडवलेलंही नाही. पण मी इथून पुढे कधी गेले नाही. संध्याकाळी परत.

हे पत्र कुठे टाकणार? तुझा शेवटचा पत्ता म्हणजे एका क्वार्टरचा नंबर, तिथे आता कोण राहत असेल कोण जाणे. हे कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवीन, चमच्यांखाली. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, तेवढी तुला सांगते. त्या दिवशी दूध वर येत होतं, कडेला आलंच होतं, तेवढ्यात ट्रकमध्ये त्याला ठसका लागला आणि मी गॅस बंद करून धावले. ठसका थांबल्यावर त्याने विचारलं, "उतू गेलं का?" देवधर्म न मानणारा माणूस, पण माझं हे ठाऊक होतं त्याला. मी म्हटलं, गेलं. तो म्हणाला, "झालं मग. लागलं घर." गेलं नव्हतं, आई. अजूनही दर रविवारी मी दूध ठेवते, आणि ते वर आलं की माझा हात आपोआप गॅसकडे जातो.