पाचवी किल्ली

मंगळवार, संध्याकाळ

…सडा घातला, दारात पिठाचा कोलम काढला, फिल्टरमध्ये कॉफी उतरत ठेवली आणि खुंटीवरची यांची किल्ली पुसली. हे गेल्यापासून सकाळ अशीच.

नाटकगृह पाच भागीदारांचं, हे त्यातले एक. दाराला पाच कुलपं, प्रत्येकाकडे एकाच कुलपाची किल्ली; पाचही आल्या तरच दार उघडतं. आता माझं तिथं काय काम? म्हणून आज भागीदारांपैकी गोपाळरावांना आमची किल्ली परत द्यायला गेले. ते चिडलेच. "वैनी, दोन महिने आम्ही पायऱ्यांवर तालीम करतोय. तुमचं कुलूप कोण तोडणार? भाग तुमचा."

पुस्तकात वाचलं होतं, जुन्या लंडनात नट गेला की नाटकगृहातला त्याचा भाग बायकोकडे जाई. त्या बायका तिथं जायला लाजल्या असतील का? चौघं माझ्यासाठी थांबले! किल्ली परत आणली.

बुधवार. शेवटचं कुलूप मी उघडलं.