शुक्रवारची गाडी

रायपूर
रविवार, २९ ऑक्टोबर २०२३

चि. शिशिर,

आशीर्वाद. तू आणि ऋता मजेत असाल. आम्ही इकडे हातीपायी धड आहोत, मजेचं दिवाळीनंतर बघू.

फोन असताना ताईला पत्राची हौस कुठून आली, म्हणशील. फोनवर तू "हाँ दीदी, बोलो" म्हणतोस, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझ्यामागे कोणीतरी तुझ्या नावाने ओरडतं. त्या अवाढव्य गोदामात तुम्हालाही सणाची धावपळ असणारच. म्हणून हे. उद्या आपला माल नागपूरला जातोय, त्यातच चिवड्याच्या डब्याखाली पत्र ठेवते. चिवड्यात मीठ जास्त पडलंय. माझं लक्ष नव्हतं.

यंदा दिवाळी आणि निवडणूक एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत. नाक्यानाक्यावर गाड्या थांबवतात, गठ्ठे उघडतात. साड्या दिसल्या की पहिला सवाल, "बाँटने ले जा रहे हो?" कांकेरच्या दुकानदाराचा माल असाच अडकला. माझ्या हातचे शिवलेले गठ्ठे त्याला उसवलेलेच मिळाले, आणि त्याने फोनवर माझंच डोकं खाल्लं. त्यात मतदानाच्या कामाला ट्रक धरायला लागलेत. म्हणजे बस्तरकडची शेवटची गाडी येत्या शुक्रवारी सुटायलाच हवी. ती चुकली तर जगदलपूर-कोंडागावच्या दुकानांत दिवाळीला आपली साडी नाही, आणि ज्यांची दिवाळी आपण बुडवली ते पुढच्या वर्षी सदर बाजारात आपली पायरी कशाला चढतील?

निम्मे हमाल नवरात्रात डोंगरगढला पायी गेले, ते पाय सुजवून आले. हिरालाल अजून लंगडतोय. मी चिडले तर म्हणतो, "दाई के बुलावा रिहिस, दीदी." देवीला नेमका हाच पंधरवडा सापडतो.

बाबा बरे आहेत. गुडघा तसाच. काल कोजागिरीला ग्रहण होतं, त्यामुळे दूध आटवलं नाही. तेवढीच एक उस्तवार वाचली.

मध्ये उठून गेले होते. सुतळी संपली होती. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही. आठवड्याभरात दोनदा धमतरीचा माल महासमुंदच्या गठ्ठ्यात भरला. मी! खंडेनवमीपासून हे असंच चाललंय.

खंडेनवमीचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मघापासून मी नाक्याच्या आणि हमालांच्या गोष्टी सांगून ते टाळतेय.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. काटा, दाभण, कात्री, ज्यावर पोट चालतं ते सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सगळ्या मोसमात आपला तेवढाच एक दिवस रिकामा. यंदा बाबांनी तू गठ्ठ्यांची नोंद करायला आणलेलं स्कॅनर पाटावर मधोमध ठेवलं. चार्जर हरवल्यापासून ते मेलेलंच आहे, आणि जिवंत होतं तेव्हाही बाबा त्याला खेळणंच म्हणत. तुमचं दोघांचं बिनसलं ते त्या खेळण्यावरूनच. पण त्याच्यावर त्यांनी निवडून मोठा झेंडू ठेवला. मला तुझी फार आठवण आली.

मग म्हणाले, "तो फोन आण."

"बाबा, त्याच्यावर ऑर्डरी येतात."

"म्हून तं! दुकान त्याच्यावर चालून राहिलं, तं तो काहून नाही पूजेत?"

दुकानाचा म्हण, माझा म्हण, फोन एकच. मीच त्याला कुंकू लावलं, मीच पाटावर ठेवला. बंद करून ठेवावा हे काही सुचलं नाही.

आरती संपली आणि तो वाजला. झेंडूंमध्ये गुरगुरत पाटाच्या कडेपर्यंत सरकला. वर नाव आलं, अभिनव. हिरालालने सवयीने हात पुढे केला, तर बाबा ओरडले, "हात नको लावू!" वाजून थांबला, पुन्हा वाजला. माझा हात पदराला चिकटला होता. मग संदेश आला. बाबांच्या डोळ्यांवर चष्मा होता, आरतीसाठी घातलेला. पाट त्यांच्या पुढ्यात. त्यांनी वाचलं, मी वाचलं, हिरालालनेही वाचलं असणार.

"राधिका, कलेक्टोरेट में पूछ लिया। शुक्रवार पक्का। बाबूजी को बताया कि नहीं?"

फोनचा उजेड आपोआप विझला. तोवर आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे होतो.

अभिनव देवांगन तुला माहीत आहे, बस्तरला आपला माल ज्याच्या गाड्यांतून जातो तो. बाकीचं माहीत नाही. बाकीचं असं, की शुक्रवारी आम्ही रजिस्टर लग्न करतोय. लिहिलं एकदाचं. कलेक्टोरेट वाचून बाबांनी ते तिथेच ओळखलं.

त्याने विचारलं त्याला वर्षं झाली. मी दर वेळी म्हणायची, दिवाळीनंतर बघू. मग आई गेली, तू नागपूरला गेलास, माल पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि दिवाळीनंतर पुन्हा दिवाळीच येत राहिली. या सप्टेंबरमध्ये तो नोटिशीचा कागद घेऊनच आला. म्हणाला, "इस बार दिवाली के पहले।" मी सही केली. मला तो हवाय, शिशिर, आणि आणखी एका दिवाळीची वाट बघायची ताकद माझ्यात नाही. मिळालेली तारीख नेमकी शेवटच्या गाडीची निघाली. बाबांना सांगायला रोज जिन्यापर्यंत जात होते आणि सुतळी मागून परत येत होते.

भीती त्यांच्या रागाची नव्हती. मुलगा छत्तीसगढी, आपल्यातला नाही, यावर ते चार दिवस धुमसले असते आणि पाचव्या दिवशी त्याच्याच गाडीत माल भरला असता. भीती वाटते ती मी नसताना खुर्चीचा आधार घेऊन गठ्ठे मोजणाऱ्या बाबांची.

दसऱ्याला पूजा झाल्यावर त्यांनी स्वतः फोन उचलला, उपरण्याने पुसला आणि आपट्याच्या पानाबरोबर माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "बाबा, ते शुक्रवारचं..."

"दिवाळीनंतर बोलू," म्हणाले, आणि कात्री घेऊन कामाला लागले.

माझंच वाक्य! इतका संताप आला, की त्यांचा की माझा, तेही कळेना. अभिनव हे वाक्य इतकी वर्षं कसं ऐकत आला असेल? त्यानंतर बाबा माझ्याशी फक्त गठ्ठ्यांबद्दल बोलतात. आणि मी ठरवून टाकलंय, की शुक्रवारी जायचं, गाडी भरो न भरो. तू येऊन ती गाडी भरशील का, हे विचारायला पत्र लिहायला घेतलं.

पण आता ते विचारायचं कारण उरलं नाही. थांब, नीट सांगते.

एवढं लिहून झालं आणि बाबांनी खालून फोन मागवला. मला वाटलं, कांकेरवाल्याला समजवायचा असेल. फोन देऊन वर येत होते, तर जिन्यातच पाय थांबले. जगदलपूरच्या दुकानदाराशी बोलत होते.

"शुक्रवार नहीं, माल गुरुवार को निकलेगा। ... नहीं जी, इलेक्शन की बात नहीं। शुक्रवार को दुकान बंद रहेगी। हमारे यहाँ शादी है। ... लड़की की। ... हाँ भाई, मेरी ही लड़की की, और किसकी होगी!"

मग कोंडागाव. मग नारायणपूर. एकेकाला तेच, दर वेळी आवाज थोडा चढवून. शिशिर, दिवाळीच्या तोंडावर आपलं दुकान कधी बंद राहिलंय का? मी जिन्यावर बसून रडले, हिरालाल खाली उभा होता तरी.

बाबांनी वर बघितलं. "बसली काहून? एक दिवस कमी झाला आता. गठ्ठे शीव."

मी डोळे पुसून दाभण घेतलं, तेव्हा पाठमोरेच म्हणाले, "तुह्या भावाले कळव. म्हणा, येताना त्या खेळण्याचा चार्जर आण. हातानं लिहून इतका माल गुरुवारी निघत नाही."

हे त्यांचं बोलावणं आहे. याहून गोड त्यांना येत नाही, तुलाही येत नाही. ऋताला घेऊन बुधवारी ये. गुरुवारी तुझे हात हवेत, शुक्रवारी साक्षीदाराची सही. फोन करून विचारत बसू नकोस. फोन बाबांकडे आहे, त्याच्या कडेला अजून कुंकू आहे, आणि ते आता गीदमला लावतायत.

चार्जर विसरू नकोस.

तुझी, आणि लग्नानंतरही या दुकानाची,
राधिकाताई