विहिरीवरचा प्रसंग

कोल्हापूर,
रविवार

प्रिय विजू,

दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुझ्या मालकांची तब्येत विचारली आणि ठेवून दिला. जे सांगायचंय ते तुझा आवाज ऐकत सांगवत नाही, म्हणून लिहितोय.

इथल्या एका कॉलेजच्या मुलांनी कोल्हापुरात बनलेले जुने चित्रपट वाचवायचं काम काढलंय. बंद पडलेल्या थिएटरांतून, लोकांच्या माळ्यांवरून रिळांचे डबे शोधून आणतात. जुना ऑपरेटर कोण उरलाय, असं विचारत माझ्या दारात आली. त्यांची म्होरकी अनुजा, आपल्या हातकणंगल्याचीच. म्हणाली, "आजोबा, फिल्म हातात धरायची कशी, तेवढं शिकवा की." तेव्हापासून रोज जातो. फिल्म पुसायची कशी, तुटलेली जोडायची कशी, दाखवतो. पोरं मला सर म्हणतात. आयुष्यभर थिएटरच्या मशीनच्या खोलीत बसलेल्या माणसाला सर! खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

गेल्या महिन्यात तुमच्या गडहिंग्लजच्या एका बंद टॉकीजमधून अकरा डबे आले. खराब होत चाललेल्या फिल्मचा आंबट वास येत होता. पहिलं रीळ उजेडाला धरलं आणि माझे हात थांबले. तू ज्यात काम केलंस तो चित्रपट, विजू. याची दुसरी प्रत आता कुठंच नाही म्हणे.

तुला स्टुडिओत मीच नेलं होतं. पाणी भरणाऱ्या पोरीचं काम होतं, तू सतरा वर्षांची. विहिरीवर घागर ठेवून सावकाराच्या मुलाला चार खणखणीत वाक्यं सुनवायची. आठवडाभर घरात तेच चाललेलं, आई वैतागून म्हणायची, "अगं, भाकरी करपली, बास कर." मग चित्रपट आमच्याच थिएटरला लागला आणि तू सहा मैत्रिणींना घेऊन पहिल्या खेळाला आलीस. विहिरीचा प्रसंग आलाच नाही. सुटल्यावर पायऱ्यांवर मैत्रिणी उभ्या होत्या आणि तू चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली वाकून राहिली होतीस. ते मी वरच्या खिडकीतून पाहिलं.

सहाव्या रिळात अनुजाला फिल्म चिकटवल्याचा एक जोड सापडला. "सर, एक पाठमोरी पोरगी विहिरीकडं निघते आणि एकदम सावकाराचा वाडाच येतो. मधलं कुठं गेलं?" मी म्हणालो, "तुटलं असंल. जुन्या फिल्मचं व्हायचंच." तिनं विश्वासानं ते वहीत लिहून घेतलं. ते वाक्य मला चार दिवस खात राहिलं. पाचव्या दिवशी ट्रंकेतला छोटा डबा नेऊन तिच्यापुढं ठेवला. "तुटलं नव्हतं. मी कापलंय." तिनं डबा उघडून बघितला. मग म्हणाली, "का, सर?" मी म्हणालो, "जिला आधी सांगायला पायजे, तिला सांगतो. मग तुला." त्या दिवसापासून ती मला सर म्हणत नाही, आजोबाही म्हणत नाही.

विजू, तुझं गडहिंग्लजचं स्थळ ठरत होतं. तीच प्रत पुढं गडहिंग्लजला जाणार होती. तुझ्या सासरचे बघतील, सिनेमातली पोरगी नको म्हणतील, या भीतीनं मी पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी कात्री चालवली. मला कुणी सांगितलं नव्हतं, वडिलांनीसुद्धा नाही. एवढंच असतं तर तू कदाचित समजून घेतलं असतंस. पण खेळ बघून आल्यावर संध्याकाळी तू विचारलंस, "अण्णा, माझं काम का काढलं?" आणि मी सांगितलं, "दिग्दर्शकांनीच काढलं. तुला जमलं न्हाय म्हणाले." ते खोटं होतं. शूटिंग संपल्यावर ते मला म्हणाले होते, "पोरगी फार ताकदीची हाय. पुढच्या चित्रपटात मोठं काम देतो, घेऊन या." तो निरोप मी तुला दिला नाही. पन्नास वर्षं तू महिला मंडळाच्या नाटकात पडदा ओढायला बसलीस. कुणी आग्रह केला की "मला जमत नाही" म्हणायचीस, आणि तुमच्याकडं आलेला मी शेजारी बसून चहा प्यायचो. पोरांनी तो तुकडा साफ करून मशीनवर लावला. थोडा खराब झालाय, पण चारही वाक्यं स्पष्ट ऐकू येतात. तू फार चांगलं काम केलंयस, विजू. हे तुला तेव्हाच सांगायचं होतं. पुढच्या महिन्यात मुलं चित्रपट लोकांना दाखवणार आहेत, तो प्रसंग जोडून. ही मुलगी कोण, हे मी अजून सांगितलेलं नाही. सोबतच्या चिठ्ठीवर अनुजाचा नंबर देतोय. पडद्यावर तुझं नाव यायचं की नाही, ते तू तिला सांग. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझाच,
बापूसो अण्णा