आनेकलच्या तळ्याकाठचा वाण

८ जून १९९८, सोमवार
आनेकलहून नमुना. मेंढीच्या कानाचं टोक, बर्फाच्या थर्मासात. पशुखात्याचे तिथले इन्स्पेक्टर नंजुंडप्पा थर्मास मांडीवर धरून बसने आले, बंगळुरात शिवाजीनगरला बदलून हेब्बाळच्या आमच्या लॅबपर्यंत. बसमध्ये शेजारच्याने आत आइस्क्रीम आहे का विचारलं म्हणे.
काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काळपुळीच, अँथ्रॅक्स. शंका नाही. सात मेंढ्या मेल्या, सगळ्या एकाच कळपातल्या. मालक हनुमय्या.
नं. म्हणाले, "मेडम, एप्रिलमध्ये त्याने आंध्रच्या हद्दीवरच्या बाजारातून नव्या मेंढ्या आणल्या. तिथूनच आलं हे. ऊरच्या सगळ्यांचं तेच म्हणणं."
ऊर म्हणजे गाव. हे मी इथे का लिहिलं कुणास ठाऊक, माझ्याशिवाय कोण वाचणार आहे.

१० जून, बुध.
आनेकलला गेले. हनुमय्या पन्नाशीचा, बोलायला मागेपुढे बघतो. बायको गौरम्मा. तिच्या मनगटावर फोड, मधे काळा, भोवती सूज. दुखत नाही म्हणते. मेलेल्या मेंढीचं कातडं हिनेच सोललं होतं. तिला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली. बरी होईल. लवकर सापडलं.
गावाने ह.च्या कळपाला तळ्यावर यायला बंदी केलीय. दुकानदार गौरम्माच्या हातचे पैसे घेत नाही, फळीवर ठेव म्हणतो.
मेंढ्या चरायच्या ती तळ्याकाठची जमीन गौडरांची, म्हणजे गावच्या पाटलांची. त्यांनी कॉफी दिली, चांगली होती. निघताना म्हणाले, "बाहेरून आलं, एवढं लिहिलंत की झालं. गरिबाला दंड वगैरे नको करायला."
मी उरलेली कॉफी संपवली.

१५ जून, सोम.
मेंढीच्या नमुन्यातला जंतू बशीत वाढला, म्हणजे नवा वाण. रजिस्टरात नंबर दिला.
दोन वर्षं हेच चाललंय. राज्यातून, शेजारून जिथून काळपुळी येईल तिथला वाण ठेवायचा आणि एकमेकांत फरक शोधायचा. फरक जवळजवळ नसतो. जंतू मातीत वर्षानुवर्षं निजून राहतो, वाढतच नाही, तर बदलणार कधी. एकाच जागी आशा आहे: जनुकात एक छोटा तुकडा परत परत येतो. किती वेळा येतो ते वाणावाणाप्रमाणे बदलतं. जेलवर पट्टी जरा वर, जरा खाली. एवढाच फरक.
डॉ. रा., आमचे विभागप्रमुख, मागच्या महिन्यात माझे फोटो बघून म्हणाले होते, "तुम्ही एकच फोटो वीस वेळा काढलाय का?"

१७ जून, बुध.
वहिनी माझे कपडे वेगळे भिजवते. आज माझा भाऊ, अण्णाही म्हणाला (शिवणाचं मशीन न थांबवता), "स्वल्प जपून हं. घरात माणसं आहेत." हात दाखवले त्याला. बघितले नाहीत.

२३ जून, मंगळ.
जुनी रजिस्टरं काढली. माझ्या आधी इथे कामाला असलेल्या सरांच्या अक्षरात: आनेकल तालुका, तेच तळं, १९७१, बैल. त्या वाणाची कुपी कपाटात सापडली. लेबल वाळवीने अर्धं खाल्लेलं, नंबर शाबूत.
उघडून वाढायला ठेवली. सत्तावीस वर्षं झाली. उगवेल असं वाटत नाही.

२५ जून, गुरु.
उगवला.

२६ जून, शुक्र.
त्या हद्दीवरच्या बाजाराच्या तालुक्यातलाही एक वाण माझ्याकडे आहे, गेल्या वर्षीचा. म्हणजे आता तिन्ही शेजारी शेजारी लावता येतील. गावाचा प्रश्न आणि माझा प्रश्न पहिल्यांदा एकच झालेत.
दुपारी करंट गेला. मशीन मधेच बंद. सगळं फेकून दिलं.

१ जुलै, बुध.
झालं. ७१चा बैल आणि ह.ची मेंढी, पट्टी एका रेषेत. बाजाराकडचा वाण एक तुकडा वर. फूटपट्टी धरून पाहिलं. परत केलं, तेच. उद्या तिसऱ्यांदा.
बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र माझेच जुने फोटो घेऊन बसले. हीच पट्टी तुमकूरकडच्या वाणात आहे. कोलारकडच्या दोघांत आहे.

३ जुलै, शुक्र.
तिसऱ्यांदाही तेच. डॉ. रा.ना दाखवलं. खूप वेळ बघत होते.
"मेंढ्या बाजारातून जंतू घेऊन आल्या नाहीत, असं म्हणताय?"
"बाजाराकडचा माझ्याजवळचा वाण हा नाही, एवढं म्हणते."
"तिथे दुसराही असेल."
"असेल."
"आणि तळ्याचाच, हे कशावरून? पट्टी अर्ध्या राज्याची आहे."
"म्हणून रिपोर्टात 'बहुतेक' लिहिलंय."
"तेवढा शब्द काढू नका," म्हणाले. सही मात्र केली नाही. तळ्याकाठच्या मातीत मिळाला तर करतो म्हणाले. त्यांचं चुकत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही असंच म्हटलं असतं.

६ जुलै, सोम.
आनेकलला गेले. गौरम्माच्या हातावर खपली धरलीय. तिने ताक दिलं. पेला हातात देताना थांबली. मी घेतला.
ह.ला सांगितलं: तुझ्या नव्या मेंढ्यांनी आणलं असं दिसत नाही. बहुतेक इथलंच आहे, तळ्याजवळच्या मातीतलं, जुनं. सत्तावीस वर्षांपूर्वी एक बैल मेला होता तिथे.
मला वाटलं तो सुटल्यासारखा दिसेल. तो कळपाकडे बघत राहिला.
"मातीत आहे तर जाईल कधी?"
"सांगता येत नाही. खूप वर्षं राहतो."
"मग मेंढरांनी बाजारातून आणलं असतं तेच बरं होतं," म्हणाला. "बाजारात परत जायचं नाही म्हटलं की संपलं असतं. इथं मी राहतो."
गौरम्मा म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा सासरा तळ्याच्या त्या कोपऱ्यात जाऊ द्यायचा नाही. कारण सांगायचा नाही. तो गेल्यावर सगळे जायला लागले.
लसीसाठी नं.ना सांगून आले, दर वर्षी, सगळ्या गावाच्या जनावरांना. नं. "सरी मेडम", म्हणजे बरं, म्हणाले. लिहून घेतलं नाही.

९ जुलै, गुरु.
गौडरु ऑफिसात आले. डॉ. रा.कडे बसले, मग मला बोलावलं. तळ्याकाठची जमीन लेआउटला, म्हणजे घरांच्या प्लॉटांना जातेय, करार झालाय. सगळं अदबीने बोलले.
"मेडम, तुमच्या मशिनीला जमिनीचं नाव कळतं का?"
"नाही."
"मग कागदावर का घालता?"
मी म्हटलं, अर्ज नमुन्याबरोबर आलाय, जागा त्यावर लिहिलेली असते. डॉ. रा. खिडकीतून बाहेर बघत होते. गौडरु गेल्यावर म्हणाले, "माती लवकर आणा." आणि परवानगीचं पत्र लगेच टाइप करवून दिलं. हे अपेक्षित नव्हतं.

१२ जुलै, रवि.
रिपोर्टाचा मसुदा पुन्हा वाचला. वाक्य असं आहे: हा वाण बाहेरून आल्याचा पुरावा नाही, तो बहुतेक स्थानिक आहे. त्याखाली मला लिहायचंय की माती तपासून होईपर्यंत तिथे खोदू नये. हे माझ्या कामात बसत नाही. लिहिलं.
अण्णाला वाचून दाखवलं. म्हणाला, "ह्यात 'बहुतेक' म्हणजे काय? कोट बसेल की नाही ते आम्ही शिंपी सांगतो." मग थोड्या वेळाने, "हात धुतलेस ना," आणि माझ्याकडचा कागद घेऊन स्वतः वाचला.

१४ जुलै, मंगळ.
माती आणायला गेले. खोदायला आधीच सुरुवात झालीय. गटाराचा चर तळ्याच्या बाजूने आखलाय, बराच पुढे आलाय. सोळा-सतरा माणसं, निम्म्या बायका, सगळी अनवाणी. बाहेरगावची. ह. लांब बांधावर उभा होता, जवळ आला नाही.
मुकादमाला पत्र दाखवलं. वाचून परत दिलं. "हे माती घ्यायचं पत्र आहे. घ्या. काम थांबवायचं कुठे आहे ह्यात?"
नव्हतं. रिपोर्टात आहे, त्यावर अजून सही नाही.
चराच्या तोंडापासून आणि ढिगाऱ्यावरून नऊ पुड्या भरल्या. मुकादम बाजूला उभा राहून बघत होता.
"मिळालं तर?"
"काम थांबेल."
"नाही मिळालं तर?"
"तरी नाहीच असं सांगता येणार नाही. हातभर बाजूलाही असू शकतो."
"मग तुम्ही आलात कशाला, मेडम?" चिडून नाही, खरंच विचारलं. मग जेवणाची सुट्टी संपली म्हणून हाक दिली.
ढिगाऱ्याशी एक बाई आमचं बोलणं ऐकत बसली होती. तिशीची असेल, पायाला चिंधी बांधलेली. खाली काय झालंय विचारलं तर म्हणाली, दगड लागला. तिने मला कानडी-तेलुगू मिसळून विचारलं, "अक्का, मी उतरू का आत?"
नको म्हटलं.
ती टोपली उपडी घालून तिच्यावर बसली. बाकीचे उतरले.